मुक्काम पोस्ट जोशीमठ

१८ जून १९८१, गुरुवार

शामलाने ही डायरी जानेवारीत दिली होती. म्हणाली, "बाबा, डेपोत रोज लॉगशीट भरत होते ना, आता हे भरा." पाच महिने कोरी पडून राहिली. आज लिहायला घेतली, कारण घरी दुसरं कोणी नाही.

इंदू बद्री-केदारला गेली. सकाळी नागपूर स्टेशनवर बसवून आलो. बाबाराव दरवर्षी यात्रा काढतो. आमच्या सक्करदऱ्यातलाच, ओळखीचा माणूस. सव्वीस जण आहेत, त्यात बायाच जास्त. शेजारच्या शोभाताई सोबत आहेत म्हणून काळजी नाही. ८ जुलैला परत.

आई जानेवारीत गेली. अकरा वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं इंदूनेच केलं. मी पारशिवनीच्या मुक्कामी गाडीवर ड्रायव्हर, एक दिवस आड घरी. तेरवी झाल्यावर इंदू एकदम गप्प झाली. एप्रिलमध्ये शोभाताईंनी यात्रेचं काढलं तेव्हा मला म्हणाली, "मी जाऊ का?" चौतीस वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं आठवत नाही. मी लगेच हो म्हटलं. दुसरा नवरा असता तर वीस दिवस सोडलं नसतं.

मी पण येऊ का, असं मी म्हटलं नाही. तिनंही चला म्हटलं नाही. गुडघे साथ देत नाहीत हे तिला माहीत आहे.

गाडी हलली तेव्हा तिनं हात हलवला नाही. शोभाताईंशी बोलत होती. गर्दीत मी दिसलो नसेन.

२५ जून

हरिद्वारहून कार्ड आलं, शोभाताईंच्या हातचं. सगळे मजेत. गंगेचं पाणी बर्फासारखं. खाली एक ओळ: "इंदू म्हणते की ती आज तीनदा न्हाली."

तीनदा कशाला? सर्दी होईल.

वरण चौथ्यांदा करपलं.

३ जुलै, शुक्रवार

पेपरात चौथ्या पानावर पाच ओळी आहेत. चमोली जिल्ह्यात जोशीमठच्या खाली डोंगर कोसळला. बद्रीनाथचा रस्ता दोन ठिकाणी तुटला. यात्रेकरू अडकले. एक बस दरीत गेल्याचे समजते.

बाबारावने छापलेला कागद भिंतीवर लावून ठेवला होता. १ जुलै बद्रीनाथ मुक्काम. २ जुलै सकाळी उतरणे.

म्हणजे कालच.

तार ऑफिसात गेलो. ट्रंक कॉल चमोलीला लावा म्हटलं. तिथली बाई चांगली होती, चार वेळा लावून पाहिला. "काका, ऋषिकेशच्या पुढं लाइनच नाही." संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होतो.

४ जुलै

काहीच कळलं नाही. शामलाला निरोप पाठवला. ती सासरहून, पारशिवनीहून दुपारच्या गाडीने आली. कंडक्टर माझ्या गाडीवरचा जुना माणूस, त्यानं तिला पुढं बसवून आणलं.

मी एकतीस वर्षं गाडी चालवली. आमच्याकडे घाट कुठला! रामटेकची टेकडी चढलो तेवढाच. तरी मला डोळ्यांपुढं ती गाडी दिसते. सुटलेला ब्रेक दिसतो. ड्रायव्हरचे हात दिसतात. गाडीत बसलेली इंदू मात्र दिसत नाही. तिला गाडीत बसलेली मी पाहिलंय कधी? माझ्या गाडीत ती एकदाच बसली असेल, शामलाच्या लग्नानंतर. फॅमिली पास दरवर्षी मिळायचा, पण आईला टाकून तिला निघता येत नसे. मी डेपोच्या मंडळींबरोबर तिरुपतीला, शिर्डीला जाऊन आलो.

६ जुलै

कलेक्टर कचेरीत अडकलेल्यांची यादी करत आहेत म्हणून कळलं. शामला आणि मी गेलो. क्लार्कने फॉर्म काढला. नाव, वय सांगितलं. मग विचारलं, "उंची किती? अंगावर काही खूण?"

मला सांगता येईना.

"कोणत्या रंगाचं लुगडं होतं?"

हिरवं म्हटलं. शामला म्हणाली, "बाबा, तिच्याजवळ हिरवं एकही नाही. मरून रंगाचं होतं. अन् डाव्या हाताच्या कोपराजवळ भाजल्याचा डाग आहे, मोठा." क्लार्कने तसं लिहून घेतलं.

घरी येताना रिक्षात शामलाला विचारलं, हा डाग कधीचा? ती म्हणाली, "आजीसाठी पाणी तापवताना. मी आठवीत होती तेव्हाचा." आणि मग बाहेर पाहत बसली.

७, ८ जुलै

काही नाही.

९ जुलै

आज त्या यात्रेतल्या दुसऱ्या एका बाईचा मुलगा आला होता. दोघं अंगणात बसलो. तो म्हणाला, "काका, आपण काय करू शकतो?" मी म्हटलं, काही नाही. दोघांनी चहा घेतला, तो गेला.

१० जुलै

तार आली! "सर्व सुखरूप. बाराला पोचतो. बाबाराव."

शामला माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो, लिहायला लाज कसली. गल्लीत पेढे वाटले. बिछान्यावरची चादर बदलायला लावली.

१२ जुलै, रविवार

चोवीस माणसं उतरली. मी प्रत्येक डबा पाहिला. गाडी पुढं निघून गेली तरी मी पाहतच होतो.

बाबाराव सामान मोजत होता, माझ्याकडे बघेना. मी त्याचा दंड धरला.

"सुखरूप म्हनजे सुखरूपच हाय, रामाजी. वहिनी जोशीमठले हाय."

"दवाखान्यात हाय का?"

"दवाखान्यात हाय, पन तिले काही झालं नाही. तुळसाबाई पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिच्याजवळ कोनीतरी पाहिजे होतं. वहिनी थांबली."

"थांबली म्हनजे?"

"थांबली म्हनजे थांबली गा! मी काय सांगू? माझ्यामागं तेवीस मानसं होते."

शामलाने घरून डबा आणला होता, पुरणाच्या पोळ्यांचा. तो तसाच परत नेला.

१३ जुलै

सकाळी शोभाताई आल्या. त्यांनी सगळं सांगितलं ते लिहून ठेवतो.

रस्ता तुटला तेव्हा ह्यांची गाडी अर्धा मैल मागं होती. दरीत गेली ती माल वाहणारी गाडी, यात्रेची नव्हे. पाच दिवस जोशीमठच्या धर्मशाळेत काढले. मग रस्ता दुरुस्त करणाऱ्या लोकांनी ढिगाऱ्यावरून पायवाट केली आणि ह्यांना एकेक करून पलीकडे न्यायला लागले. तुळसाबाई तिथं घसरली. सत्तरीची विधवा बाई, मागंपुढं कोणी नाही, एक पुतण्या आहे फक्त. तिला स्ट्रेचरवर घालून परत वर नेणं भाग होतं. पलीकडे गाडी उभी, पुढच्या रेल्वेचं आरक्षण ठरलेलं.

"बाबारावनं इचारलं, कोन थांबते? भाऊजी, खोटं काहून बोलू, आमी साऱ्या जमिनीकडं पाहून राहिलो. अन् इंदूनं आपली पिशवी उचलली, स्ट्रेचरच्या मागं चालू लागली. कोनाले बोलली नाही."

"रडत होती का?"

"नाही भाऊजी. रडून नोती राहिली."

"माझ्यासाठी काही निरोप?"

"म्हने, डब्यातले तांदूळ खालचे आधी काढजा म्हनावं, कीड लागन."

१५ जुलै

तुळसाबाईच्या पुतण्याकडे गेलो. मुकुंद नाव. मिलमध्ये आहे. म्हटलं, तुमची काकू तिकडे पडली आहे, माझी बायको तिचं करते. तुम्ही जा, म्हणजे तिला मोकळं होता येईल.

"काकू मले इचारून गेली होती का?" असं म्हणाला. पण दारापर्यंत सोडायला आला आणि मान खाली घालून म्हणाला, "माझी बायको नवव्या महिन्यात हाय, काका." मी घरी आलो.

२१ जुलै

दोन पत्रं टाकली, एक तार केली. उत्तर नाही. शामलाला म्हटलं, मी जातो, घेऊन येतो. ती म्हणाली, "बाबा, तिला राहू द्या ना काही दिवस. येईल ती."

पोरीला काय समजतं. तिच्या आईला हिंदी येत नाही, थंडी सोसत नाही, एकटी कधी बाजारातसुद्धा गेली नाही. अनोळखी मुलखात घाबरून बसली असेल. उद्याच्या गाडीने निघतो.

२७ जुलै, चमोली

ऋषिकेशहून दीड दिवस बसमध्ये. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. खाली अलकनंदा, मातकट, नुसती धावत होती. शेजारचा माणूस हात दाखवून एकेक प्रयाग सांगत होता, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, आणि प्रत्येक ठिकाणी नमस्कार करत होता. मीही करत होतो, पण माझे डोळे रस्त्यावर.

पोटरी सुजली आहे. इथे आल्यावर कळलं की वर पुन्हा रस्ता तुटला. कधी उघडेल? तिकिटाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "पहाड़ से पूछो."

इंदू इथून तीस-पस्तीस मैलांवर आहे. नागपूरहून एवढ्या लांब आलो आणि आता इतक्याशा अंतरासाठी बसून आहे.

२८ जुलै

बसून आहे. पाऊस. दुपारी ढग उघडले तेव्हा एकदम एक पांढरं शिखर दिसलं, इतकं वर की आधी ढगच वाटला. टपरीवरच्या लोकांना त्याचं काही नव्हतं. मला उगाच भीती वाटली.

३० जुलै, जोशीमठ

पोचलो.

अर्ध्या रस्त्यापर्यंत गाडी, मग तुटलेल्या जागी पायी. शंभर पावलांचीच वाट असेल. एक पाऊल रुंद, वरून बारीक खडे गळत आहेत, खाली नदीचा आवाज. मजूर शिट्टी वाजवेल तसं निघायचं. मी निम्म्यात गेलो आणि पाय हलेनात. पुढचा माणूस पुढं गेला, मागचा ओरडायला लागला. मला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. मनात आलं, एकतीस वर्षांत एकाही पॅसेंजरला ओरखडा आला नाही, आणि आता मी इथं मरतो.

तेवढ्यात समोरून एक गढवाली बाई आली. पाठीवर गवताचा एवढा मोठा भारा. तिनं भाऱ्यासकट वळून माझा हात धरला, लहान पोराला धरतात तसा, आणि "चलो बाबा, चलो" म्हणत मला पलीकडे नेऊन सोडलं. मग परत आपल्या वाटेने गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

संध्याकाळी धर्मशाळा सापडली. चुलीपाशी दोन-तीन बाया पोळ्या लाटत होत्या. त्यातली एक काहीतरी बोलली आणि बाकीच्या हसल्या. पुरुषी कोट घातलेला, डोक्याला रुमाल. मी तिला विचारायला गेलो की नागपूरवाली बाई कुठं राहते.

ती वळली तर इंदू.

"आले का?" म्हणाली. "बसा, चहा घ्या आधी. पाय ओले झाले तुमचे."

रागावायचं सगळं पाठ करून आलो होतो. चहा घेतला.

१ ऑगस्ट

इंदू दिवसा दोन वेळ इथे स्वयंपाकाला हात लावते, त्या बदल्यात धर्मशाळेने खोली दिली आहे. धर्मशाळा नेगीजी सांभाळतात, रिटायर शाळामास्तर, भला माणूस. उरलेला वेळ ती दवाखान्यात तुळसाबाईजवळ, झोपायलाही तिथंच. ती हिंदी बोलते. चुकीचं बोलते, पण कोणी हसलं तर स्वतःही हसते. सगळे तिला दीदी म्हणतात. बाजारात भाजीवाल्याशी भांडली माझ्यासमोर.

तुळसाबाईच्या पायाला वजन बांधलंय. हाडाचा सांगाडा झाली आहे, जीभ मात्र ताजी. मला पाहून म्हणाली, "आलास का रामाजी? बायको न्याले आलास ना? मग मलेही ने उचलून."

डॉक्टर म्हणाले, हलवता येणार नाही. दोन महिने, तीन महिने, सांगता येत नाही.

३ ऑगस्ट

आज इंदू मला नरसिंहाच्या देवळात घेऊन गेली. हिवाळ्यात बद्रीनाथचे दरवाजे, इकडे त्यांना कपाट म्हणतात, बंद झाले की पूजा इथं खाली येते. काळी, लहान मूर्ती. मूर्तीचा एक हात मनगटाजवळ बारीक आहे. इंदू सांगत होती, तो दरवर्षी आणखी बारीक होतो, आणि ज्या दिवशी तुटेल त्या दिवशी डोंगर एकमेकांना भिडतील आणि बद्रीनाथचा रस्ता कायमचा बंद होईल. मी किती वेळ त्या मनगटाकडे पाहत राहिलो. इंदू माझ्या बाजूला उभी राहून मोठ्यानं आरती म्हणत होती. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

बाहेर पायरीवर बसलो तेव्हा विषय काढला.

"चाल वं घरी."

"तुळसाबाईले कोन पाहीन?"

"घरी कोन पाहीन?"

"घरी कोन हाय?"

"मी हाय ना!"

समोरच्या डोंगरावर ऊन आलं होतं. ती म्हणाली, "तुमी हाय. पन तुमी काही पडून नाही ना अंथरुनावर."

"आईचं अकरा वर्सं केलं ना तू. अजून किती पुण्य पाहिजे?"

"पुण्याचं कोन म्हनते? अजी, आईचं करन का, असं मले कोनी इचारलं नोतं. ते माझंच होतं, केलं. इथं बाबारावनं इचारलं, कोन थांबते. मी म्हनलं मी." आणि म्हणाली, "मले लय बरं वाटलं."

म्हणजे फक्त विचारलं म्हणून? मग मी रोज विचारत बसायला हवं होतं का? घरात असं कोणी विचारतं का? मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, दारू पिऊन आलो नाही, पगार आईच्या हातात दिला तो घरातच राहिला. तिला काय कमी होतं ते मला अजून कळत नाही. आणि हेही विचारता येत नाही, कारण ती सांगेल अशी भीती वाटते.

७ ऑगस्ट

पाऊस. खोकला वाढला.

एक गोष्ट लिहायची आहे. मी तुळसाबाईच्या मरणाची वाट पाहून राहिलो. रोज सकाळी दवाखान्यात जातो तेव्हा दारातूनच तिची छाती हलते का पाहतो, आणि हलताना दिसली की वाईट वाटतं. लिहिलं. खोडत नाही.

८ ऑगस्ट

आज इंदू औषध आणायला गेली होती. तुळसाबाई आणि मी दोघंच. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "रामाजी, मी लवकर नाही मरून राहिली. माफ कर बाप्पा."

काहीतरी बोललो, तसं नाही, तुम्ही बऱ्या व्हाल.

"बरी तं मी होत नाही," ती म्हणाली. "पन माह्या केसाले तेल लावून देते तुही बायको रोज. माह्या मायनंतर कोनी लावलं नोतं. म्हनून जीव जाऊन नाही राहिला."

ग्लासमध्ये पाणी ओतून दिलं तिला. तेवढंच जमलं.

१२ ऑगस्ट

दोन दिवस ताप. छातीत घरघर. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "बाबूजी, आप नीचे जाइए. नहीं तो दीदी के दो मरीज़ हो जाएँगे." इंदू बाजूला उभी होती.

एकदा मनात आलं, नाही जात. पडून राहावं इथंच. दुसरा मरीज म्हणून. मग ती माझंही करेल.

मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती माझ्या उशीची खोळ बदलत होती आणि तिचा चेहरा तसाच झाला होता, जसा मी मुक्कामी गाडीवरून सकाळी परत यायचो तेव्हा असायचा. मी उठून सामान बांधलं.

१४ ऑगस्ट

रस्ता उघडला. इंदू स्टँडवर आली होती. पराठे, लिंबाचं लोणचं, खोकल्याचं औषध दिलं. खिडकीशी उभी राहिली.

"मी कवा येऊ घ्यायले?" मी विचारलं.

"तुळसाबाईचं होऊ द्या."

"अन् मंग?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिचं उत्तर ऐकू आलं नाही, की तिनं दिलंच नाही, सांगता येत नाही. गाडी वळली तेव्हा ती हात हलवत होती. या वेळी नीट दिसलं.

२९ ऑगस्ट, नागपूर

ताप उतरला. शामला आठ दिवस राहून गेली. लोक विचारतात, वहिनी कधी येणार? मी म्हणतो, पंधरा दिवसांत. आल्या दिवशीही हेच सांगितलं होतं. बाबाराव रस्ता बदलून जातो.

१७ सप्टेंबर

मुकुंदला मुलगी झाली. सांगायला आला. काकूचं विचारलं, डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला बसवलं, चहा केला. चहा आता बरा जमतो.

३० सप्टेंबर

तार: "तुळसाबाई काल वारल्या. विष्णुप्रयागला अग्नी दिला. इंदू."

वाईट वाटलं. खरंच वाटलं. मुकुंदला सांगून आलो, तो भिंतीला टेकून बसला. आणि घरी येताना माझी पावलं भराभर पडत होती, तेही खरं.

आता ती येईल.

४ ऑक्टोबर

घराला चुना लावून घेतला. आईची खाट मागच्या खोलीत तशीच उभी होती, ती काढून दिली. खोली एवढी मोठी आहे हे लक्षात आलं नव्हतं. इंदूला म्हणेन, तुला इथं काय ठेवायचं ते ठेव.

८ ऑक्टोबर, दसरा

तारेनंतर नववा दिवस. निघाली असती तर आज पोचायला हवी होती. दिल्लीकडून येणाऱ्या दोन्ही गाड्या पाहून आलो. शोभाताई सोनं द्यायला आल्या, त्यांनाही दिलं. इंदूच्या नावची पानं देवापुढं ठेवली.

११ ऑक्टोबर

आजही स्टेशनवर जाऊन आलो. हमाल ओळखायला लागले आहेत. एक म्हणाला, "नाही आली ना काका?" मी म्हटलं, गाडी लेट आहे. गाडी वेळेवरच होती.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर अनोळखी होतं, म्हणून आधी शामलाच्या सासरचं काही आहे की काय वाटलं. मोठं, गोल, पाटीवर काढतात तसं अक्षर. फोडलं तर इंदूचं. इंदूचं अक्षर मी आज पहिल्यांदा पाहिलं. तिला लिहिता येतं हे मला माहीतच नव्हतं. की विसरली होती आणि तिकडे शिकली? इथे उतरवून ठेवतो, कागद हरवला तर.

"सौ. इंदूचा नमस्कार. तुळसाबाई शांत गेली. शेवटी माझा हात धरून होती. खोकला कसा हाय? गुडघ्याले तेल लावत जा, आळस करू नोका. नेगीजींनी कोठीची चाबी माझ्या हाती दिली. देवाचे कपाट पुढल्या महिन्यात बंद होतात, मंग देव इथीच येते, म्हनून मानसं येत राहतात. तुमी स्टेशनवर जाता म्हनून शामलानं तारेनं कळवलं. जाऊ नोका, मले कसंतरी होते. तुमाले यायचं असन तं या. पन न्याले म्हनून येऊ नोका, नुसते या. इथी ऊन लय चांगलं पडते. येताना भिवापुरी मिरच्यांचं तिखट आना, इथल्या मिरचीले चवच नाही. पाच किलो आनजा."

पाच वेळा वाचलं. शामलाला वाचून दाखवायला पारशिवनीला गेलो. तिनं हातात घेऊन स्वतः वाचलं, मग बराच वेळ आईच्या अक्षरावरून बोट फिरवत बसली. मी म्हटलं, "आता सांग, काय करू?" ती म्हणाली, "बाबा, मला नका विचारू. तिनं तुम्हाला विचारलंय."

तिनं कुठं काय विचारलं? पत्रात एकच प्रश्न आहे, खोकल्याचा.

१९ ऑक्टोबर

आरक्षणाच्या खिडकीवर गेलो. एक माणूस, दिल्लीपर्यंत, २४ तारीख. क्लार्क म्हणाला, "वापसीचं?" मी म्हटलं, दोन जणांचं. "तारीख?" तारीख सांगता येईना. मागे लोक ओरडायला लागले. शेवटी नुसतं जायचं घेतलं. वापसीचं तिकडून पाहू.

दिवाळीला तिच्याजवळ असेन. समोरासमोर बोललो की ऐकेल. थंडी सुरू झाली की तिचीच हौस फिटेल.

२२ ऑक्टोबर

मिरच्या इतवारीतून आणल्या, देठं खुडली, दोन दिवस उन्हात टाकल्या. आज कांडपावर नेल्या. शिंका येऊन येऊन जीव गेला. कांडपवाली बाई म्हणाली, "काय गा भाऊ, लगीन हाय का घरी?"

तिचंही बरोबर आहे. आमच्या घरात, आई होती तेव्हासुद्धा, वर्षाला तीन किलो पुरायचं. कपाट तर पुढच्या महिन्यात बंद होणार. पाच किलो कशाला लागेल? लिहिताना चुकली असेल, सवय नाही.

तरी पाचच कांडून घेतलं. डबल पिशवीत बांधून, वर फडकं गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. माझे कपडे त्यामुळे कमी बसले.